उंब्रजच्या जावयाचं व्याख्यान

साताऱ्याची एसटी स्वारगेटहून सुटली तेव्हा माझ्याजवळ दोन इस्त्रीचे शर्ट आणि एक व्याख्यान होतं. शर्ट नवे होते. व्याख्यान तेच: ‘पाहुण्याचं ताट: आग्रहाचं मानववंशशास्त्र’. विद्यार्थ्यांसाठीच्या व्याख्यानमालेत ते आज साताऱ्यात आणि उद्या सांगलीत द्यायचं होतं. दोन्हींच्या मधे उंब्रज, माझी सासुरवाडी. तिकडे कळवलं नव्हतं. कारण व्याख्यानातलं ‘हमरस्त्यावरच्या गावातलं एक व्यापारी मुस्लिम कुटुंब’ म्हणजे तेच.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर ऊन तापलं होतं आणि सभागृहात पोरं तिसऱ्याच वाक्याला पेंगली. मग मी सासूबाई बाहेर काढल्या. नाव न घेता, अर्थात. दालचा (डाळ, दुधी आणि मटणाचं कालवण) वाढताना या बाई विचारत नाहीत. जावई मान खाली घालून गप्प, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ भूक असा लावला जातो. ‘आग्रह म्हणजे पळीने केलेली चढाई’ हे माझं लाडकं वाक्य. पोरं जागी झाली, हसली.

एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही बोलता हे त्या कुटुंबाला माहितीये?”

“अर्थात,” मी म्हणालो. संशोधनातल्या संमतीवर मी वर्गात तासन्‌तास बोलतो. सत्काराचा कंदी पेढा न खाता खिशात टाकला.

सांगलीच्या गाडीत उंब्रज आलं तसं मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. तिथे चढलेल्या एका आजोबांनी शेजारी बसत ते खुशाल बाजूला सारलं.

“रफिकचं दाजी न्हवं तुमी?”

“नाही… म्हणजे हो.”

“मग उतरला न्हाई ते? सासुरवाडी सोडून कुटं?”

“सांगलीला भाषण आहे उद्या.”

“व्हय? आन् रफिक कायच बोलला न्हाई!” त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. कराडपर्यंत अख्ख्या गाडीला माझं कौतुक ऐकू जात होतं. मी बाहेरचा ऊस बघत राहिलो.

सांगलीत पहिल्या रांगेत सासूबाई. मांडीवर चार खणांचा डबा. शेजारी मेव्हणा रफिक, फर्निचरचं दुकान बंद ठेवून आलेला. सासूबाई वगळल्या तर व्याख्यानात उरतं काय? प्रस्तावना आणि आभार. पळीच्या चढाईपर्यंत आलो आणि थांबलो.

“ते कुटुंब समोरच बसलंय,” मी म्हणालो. “मी त्यांना कधी विचारलं नाही. काल साताऱ्यात खोटं बोललो.”

रफिक उठला.

“आमी बी अभ्यास केलाय की! दुलाभाई (दाजी) घराभायेर पडलं की आमच्यात ह्योच खेळ.” तो सरळ मंचावर आला, खुर्चीत बसला, नसलेल्या ताटावर मान घातली, मटणाची नळी उचलली, चष्मा काढून पुसला, नळीकडे पुन्हा विद्वानासारखं बघितलं. हुबेहूब मी. पोरांनी बाकं बडवली.

सासूबाई हसल्या नव्हत्या. “आवं, नाव का न्हाई घेतलं माजं? चोरी केलीया व्हय मी?”

“नाव लपवायचा नियम असतो, अम्मी.”

“आन् इचारायचा नसतो?”

मी माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, “यांचं नाव हमिदा. दालचा यांचाच.” त्यांनी पदर सारखा केला. डबा मात्र उघडला नाही. “जेवायचं आसंल तर घरी या,” एवढंच बोलून गेल्या.

परतताना उंब्रजला उतरलो. ताट आलं. पळी दुसऱ्यांदा आली तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, “बास.”

पळी हवेत थांबली आणि पातेल्यात परत गेली. खरंच गेली! रफिक भिंतीला टेकून निरखत होता.

ताटात कोरडा भात, आणि पोट अर्धंच भरलेलं. एवढी वर्षं ज्याला चढाई म्हणत आलो, ती मागायची लाज वाटणाऱ्या माणसाची सोय होती. माझी.

“अम्मी, थोडा दालचा वाढा.”

“मोठ्यानं बोला,” सासूबाई म्हणाल्या. “मागल्या रांगंला ऐकू गेलं न्हाई.”