हट्टेकरबुवांची पुण्यतिथी

वसमतच्या अनिरुद्धरावांनी रिटायर झाल्यापासून एकच ध्यास घेतला होता. जगानं विसरलेले बंदिशकार हुडकायचे आणि त्यांच्या जुन्या चिजा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या. कॉलनीतली मंडळी मोठी रसिक! न ऐकताच 'वा, अप्रतिम' लिहून मोकळी व्हायची. "गाढवापुढं वाचली गीता," असं म्हणत अनिरुद्धराव बायकोवर, ताराबाईंवर खेकसायचे.

एकदा जवळच्या हट्टा गावात भाच्याच्या शेतात हळद पॉलिश होत होती. अनिरुद्धरावांच्या खिशातला फोन दबला आणि पॉलिशच्या ड्रमची खडखड थेट ग्रुपवर गेली. नेहमीसारख्या 'वा, अप्रतिम'च्या रांगा लागल्या. शेजारच्या राधाकृष्णरावांनी तर विचारलं, "काय लयकारी आहे! रचना कोणाची?"

आजवर एवढं कोणी विचारलं नव्हतं. अनिरुद्धराव विरघळले. "हट्टेकरबुवांची," त्यांनी ठोकून दिलं.

"काहून खोटं बोलून राहिले?" ताराबाई म्हणाल्या.

"खऱ्या बुवांचं नाव कोणी विचारलं का कधी?"

आता येत्या रविवारी मारुतीच्या देवळात हट्टेकरबुवांची पुण्यतिथी आहे. बुवांना उजेडात आणल्याबद्दल अनिरुद्धरावांचा सत्कार होईल. त्याआधी राधाकृष्णराव बोलतील. तरुणपणी त्यांनी बुवांना समोर बसून ऐकलंय म्हणे.