आत्याचा वेगळा कप

नात काल मोठ्यानं वाचत होती. साधी पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते, कॅन्सरची थांबत नाही. पण असते ती आपल्याच शरीरातली, शिवल्यानं दुसऱ्याला होत नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

सत्तरच्या दशकात आसेगावला माझ्या आत्याच्या गालात गाठ झाली. मी नवा मास्तर, घरातला एकटा शिकलेला. "लागण होते," असं सांगून मीच तिच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा काढला आणि बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. लहानपणी हॉटेलवाला आमच्या लोकांचे कप असेच बाहेर ठेवायचा.

गुळाच्या चहाचा वास सुटला होता. आत्या कपाकडे बघत राहिली.

"बौद्ध झालो तवा वाटलं, आलग कप सुटला," ती गाल धरून म्हणाली. "पन तू तं शिकेल हायेस बाबू. तुले समजत असन."

मी मान डोलावली.

मरेपर्यंत तिनं तो कप स्वतः विसळून पालथा घातला. माझी तान्ही लेक रडली, तर लांबूनच टाळ्या वाजवायची. एकदाही मांडीवर घेतलं नाही.