बारा पानांचं वादळ

दगड झालेलं प्रवाळ हाती आलं की काका तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा उथळ समुद्र डोळ्यांपुढे उभा करत. पाणी किती खोल, लाटा किती दांडग्या, सगळं सांगत. स्वतःचा सदरा मात्र आठवड्यातून दोनदा उलटा घालत.

एकदा टेबलावरच्या दगडात प्रवाळ खाली डोकं वर पाय दिसलं. "वादळाने उलथवलं!" म्हणत काकांनी त्या वादळावर बारा पानं लिहिली.

डबा द्यायला आलेल्या काकूंनी दगडाची मागची बाजू पाहिली. "अहो, वरची बाजू कळावी म्हणून खाणीतच तुम्ही खडूने बाण काढता ना? मग हा खाली का बघतोय?"

काकांनी दगड सुलटा केला. समुद्र क्षणात शांत झाला.

"आता सदरा," काकू म्हणाल्या.