खांबेट्यांच्या घरातलं सुटं वाक्य

कर्वेनगरातल्या सुमुख सोसायटीत दूधवाल्याने पिशवी दारात ठेवली की अनंतराव खांबेटे आधी पिशवीकडे नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतात. आज हा एवढा हसरा का?

त्यांना तरी काय बोलायचं? चौतीस वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात गेली. कुणाची गाडी पेटली, कुणाचं गोदाम भिजलं, की त्याचा जबाब खांबेट्यांच्या टेबलावर. ते पेन्सिल घेत आणि वाक्यावाक्याला अडवत. 'त्यानंतर मी धावत बाहेर आलो.' कशानंतर? 'तो माणूस तोवर पळाला होता.' कोण माणूस? आधी कुठे आलाय तो? मार्केट यार्डातल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा दावा त्यांनी म्हणे असाच एका वाक्यावर आडवा केला होता. ती हकीकत सुरू झाली की त्यांच्या सौभाग्यवती आनंदीबाई कुकर लावायला उठतात, मग जेवणं नुकतीच झालेली का असेनात.

दोघांची एकुलती एक मुलगी वल्लरी मेलबर्नला. नऊ वर्षांत आनंदीबाईंचं तिकडे जाणं तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. एकदा घरावर लक्ष कोण ठेवणार म्हणून, एकदा विमानातलं जेवण म्हणून, आणि तिसऱ्यांदा तर, "जावई एवढा आग्रह करतो, म्हणजे काहीतरी असणार," म्हणून. सहा वर्षांची नात आजीला फोनच्या पडद्यावरच ओळखते. गेल्या दिवाळीपासून मात्र आनंदीबाईंनी हा विषय काढणं बंद केलं. दुसरा नवरा सुटलो म्हणाला असता. अनंतरावांची झोप उडाली. चाळीस वर्षं वाद घालणारी बायको वाद सोडते, म्हणजे तिचं काहीतरी ठरलेलं आहे. ही आपल्याला इथे ठेवून एकटी जाणार आणि तिकडचीच होणार.

अशात फेब्रुवारीच्या अखेरीस, एका उपासाच्या दिवशी, त्यांनी साबुदाण्याचा डबा उघडला. आत कागदाची एक पट्टी. आनंदीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचं गोलगरगरीत अक्षर लगेच ओळखू आलं. पण मजकूर इंग्रजीत. मराठीत सांगायचा तर असा: 'घरातल्या कुणाला कळण्याच्या कितीतरी आधी तिने जायचं ठरवलं होतं.'

अनंतरावांनी डबा बंद केला. पट्टी उलटी केली. खांबेट्यांकडे रोज एक पान फाडायचं जुन्या पद्धतीचं कॅलेंडर आहे, आणि फाडलेलं पान टाकायचं नाही, पाठकोरं म्हणून वापरायचं, हा घरचा रिवाज. पट्टीमागे तारीख होती, चौदा फेब्रुवारी.

चौदाला काय झालं होतं? आनंदीबाई वारज्याला गेल्या होत्या, डोळे तपासायला. सोबत नम्रता. ही नम्रता वाशीमची, वारज्याच्या एका हॉस्पिटलात नर्स, दोन वर्षांपासून खांबेट्यांच्या मागच्या खोलीत पैसे भरून राहणारी. अनंतरावांनी बायकोचा चष्मा गुपचूप लावून बघितला. नंबर तोच! मग तीन तास कसली तपासणी चालली होती?

चार दिवसांत आणखी दोन पट्ट्या हाती लागल्या. दिवाणाच्या उशीखाली होतं, 'नवऱ्याला मात्र तिने यातलं काहीच सांगितलं नाही.' आणि इस्त्रीच्या कपड्यांत, 'लागणारी सगळी कागदपत्रं तिच्या तरुण मैत्रिणीने जमवली.' अनंतरावांनी तिन्ही ओळीने मांडल्या. इतका सरळ जबाब उभ्या नोकरीत एकही आला नव्हता.

संध्याकाळी खालच्या बाकावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यारावांना विश्वासात घेतलं. म्हणजे नाव न घेता विचारलं.

"समजा, एखाद्या गृहस्थाची पत्नी चौदा फेब्रुवारीला डोळे तपासायला म्हणून गेली..."

"चौदा फेब्रुवारीला?" तात्यारावांनी कवळी सावरली. "अहो खांबेटे, त्या दिवशी लोक डोळे तपासत नाहीत, भिडवतात."

"चेष्टा नको. गृहस्थ गंभीर आहेत."

"ते दिसतंय. गृहस्थांनी दोन दिवस दाढीही केलेली नाही." तात्याराव उठले. "वहिनींना नमस्कार सांगा. असल्या तर."

ते 'असल्या तर' अनंतरावांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भाजी आणायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरूनच परत फिरले. लॅच हळूच उघडलं. स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"बरं सांग," आनंदीबाई विचारत होत्या, "ती निघून कधी गेली? चिठ्ठीच्या आधी की नंतर?"

"आधीच, काकू," नम्रता म्हणाली. "पण नवऱ्याचं काय करायचं जी? त्याला तर कुठंच जागा नाही."

"नवऱ्याला शेवटी टाक. तिथेच बरा दिसतो."

अनंतराव भाजीची रिकामी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "मला शेवटी टाकायच्या आधी निदान विचारायचं तरी!"

नम्रताच्या हातातली पट्टी आमटीच्या वाटीत पडली. आनंदीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"एवढ्यात आलात? भाजीवाल्याचाही संशय आला का?"

अनंतरावांनी खिशातून तिन्ही पट्ट्या काढून ओट्यावर ठेवल्या. आनंदीबाईंनी त्या बघितल्या, नवऱ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की नम्रताने त्यांना पाणी दिलं.

मग उलगडा झाला. नम्रताला अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात जागा मिळत होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाच्या भागात ती दोनदा मागे पडली होती. त्यात एक प्रकार तिला हमखास गोत्यात आणायचा. उतारा द्यायचा, त्यात चार जागी काळे चौकोन, आणि एक वाक्य बाहेर सुटं काढून ठेवलेलं. ते कोणत्या चौकोनात बसतं, ते सांगायचं. गुण मार्चअखेर पोचले नाहीत तर जागा दुसरीला. चौदाला डोळे दहा मिनिटांत तपासून दोघी वारज्याच्या दुकानात असल्या चाळीस उताऱ्यांच्या झेरॉक्स काढत बसल्या होत्या. आनंदीबाईंनी त्यातली वाक्यं पट्ट्यांवर उतरवली आणि घरभर पेरली. ड्युटीवरून आलेली पोर साबुदाणा काढो की इस्त्रीचे कपडे, हाती एक वाक्य यायचं आणि त्याची जागा शोधल्याशिवाय जेवण नाही. जायचं ठरवणारी बाई कुणी गिर्यारोहक होती, नवऱ्याला न सांगणारी एक कारखानदारीण, आणि कागदपत्रं होती एका वाचनालयाची.

"मग माझ्यापासून लपवलंत कशाला?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर आधी हिचीच उलटतपासणी झाली असती. अमेरिकाच का? इथले पेशंट संपले का?"

हाच प्रश्न जिभेवर होता, तो अनंतरावांनी गिळला. बघायचं म्हणून समोरचा उतारा ओढला. नम्रताने वाक्य दुसऱ्या चौकोनात टाकलं होतं.

"हे इथे कसं?"

"बसते ना काका, वाचून पाहा."

"बसतं? अगं, हा इसम म्हणतोय 'या सवयीमुळे'. कुठली सवय? सवयीचं नाव येतंय पाचव्या ओळीत, आणि दुसरा चौकोन तिसऱ्या ओळीत. ऐकण्याआधीच हा 'या' म्हणतो? खोटं बोलतोय! तिसऱ्यात टाक."

नम्रताने मागचं उत्तर उघडलं. तिसरा.

त्या दिवसापासून दुपारी चार ते पाच खांबेट्यांच्या जेवणाच्या टेबलावर दावे तपासण्याचं काम पुन्हा सुरू झालं. "प्रत्येक वाक्य चोर आहे असं समजून चाल. 'तो' म्हणालं की विचार, कोण? 'असं' म्हणालं की विचार, कसं? पुढच्यामागच्यांनी ओळख दिली तरच आत घ्यायचं." नम्रता म्हणायची, "काका, तुम्हाला वाक्यावरही भरवसा नाही काहो?" ते अभिमानाने म्हणायचे, "अजिबात नाही."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षेचा निकाल आला. लागत होते त्यापेक्षा चार गुण जास्त. नम्रताने पेढ्यांचा पुडा अनंतरावांच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. पेढे कुठल्या दुकानातले, हे त्यांनी दोनदाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते आवराआवरीला बसले. एकेका उताऱ्याला त्याची पट्टी टाचणीने लावायची, ही ऑफिसची सवय. चाळीस उतारे, चाळीस पट्ट्या. झालं, आणि हातात एक पट्टी उरली. इंग्रजीतच, पण साधीसोपी. 'जूनच्या नऊ तारखेला ती लेकीकडे जाईल. त्यानेही यावं, असं तिला वाटतं.'

चाळीसही उतारे त्यांनी पुन्हा चाळले. लेक कुठेच नव्हती. पट्टी उलटी केली. मागे तारीख, नऊ जून. अनंतराव कॅलेंडरपाशी गेले. चालू महिना मार्च. एप्रिल, मेची पानं शाबूत. जूनची आठ होती, दहा होती. जी बाई आजचं पानसुद्धा सूर्य मावळल्याशिवाय फाडत नाही, तिने अडीच महिने पुढचं पान फाडलं होतं.

आनंदीबाई गवार मोडत बसल्या होत्या.

"हे कुठल्या उताऱ्यातलं?"

"शोधा की. तुमचा हातखंडा आहे ना?"

"यातला 'तो' कोण? आधी कुठेच आलेला नाही."

"चाळीस वर्षं आलाय." गवारीची शेंग कट्‌कन मोडली. "माझं तिकीट वल्लरीने काढलंय. शेजारची जागा उद्या संध्याकाळपर्यंत अडवून ठेवलीय. नंतर नाही."

म्हणजे संशय खरा होता. उभ्या आयुष्यात घरच्या माणसावर घेतलेला पहिला खरा ठरलेला संशय, पण अनंतरावांना त्याचा आनंद काही झाला नाही. पट्टीवरचं दुसरं वाक्य त्यांनी चार-पाचदा वाचलं. मग कपाटातून आपला कोरा करकरीत पासपोर्ट काढला, मुदत तपासली, फोटो आपलाच असल्याची खात्री केली, आणि तो गवारीच्या ताटाशेजारी ठेवला. आनंदीबाईंनी ताट थोडं सरकवून जागा केली.

संध्याकाळी अनंतराव बाकावर आले. दाढी गुळगुळीत.

"तात्याराव, जूनमध्ये आम्ही दोघं मेलबर्नला जातोय. घराची किल्ली तुमच्याकडे ठेवावी म्हणतो."

तात्याराव गहिवरले. "माझ्यावर एवढा विश्वास, खांबेटे?"

"छे हो. दाराला दोन कुलपं लावणार आहे. दुसरी किल्ली सेक्रेटरींकडे. तुमचं आणि त्यांचं पार्किंगवरून चार वर्षं बोलणं बंद आहे ना? तेवढं आम्ही येईपर्यंत तसंच राहू द्या."