नामंजूर आत्याबाई

सरपंचांसमोर 'नाही' म्हणायला आमच्या गावात माणसाला दोनदा जन्म घ्यावा लागला असता. आत्याबाईंना मात्र तो शब्द बाळगुटीतूनच मिळाला असावा. ग्रामसभेत ठराव वाचून सरपंचांनी "सर्वांना मंजूर?" असं विचारलं, की पाराच्या शेवटच्या पायरीवरून आवाज यायचा, "नामंजूर." कोण बोललं हे बघायला कुणी मान वळवत नसे. गाव त्यांना नामंजूरबाईच म्हणायचं.

मी भोकरकडची. लग्न होऊन अहमदपूरजवळच्या या गावात, आमच्या बौद्ध वस्तीत आले, तेव्हा या शेजारणीला चांगलीच भ्यायले होते. पण मला सासू नव्हती, आणि त्यांना सून नव्हती. मी त्यांना आत्याबाई म्हणू लागले. माझ्या हातचा चहाही त्या नामंजूर करायच्या, कप मात्र रिकामा करूनच परत द्यायच्या.

तो काळ मोठ्या आशेचा होता. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती, लोक मोकळं बोलू लागले होते, आणि लातूर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून अहमदपुरात सभा भरत होत्या. "जिल्हा झाला की न्याय तुमच्या दाराशी येईल," असं तरुण वकील आणि मास्तर सांगायचे. आत्याबाई प्रत्येक मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडायच्या. एकदा सभा संपल्यावर त्यांनी वकिलाला गाठलं. "साहेब, दाराशी म्हंजे कुणाच्या? आमचं दार लई खाली हाय." वकील हसला. आत्याबाई हसल्या नाहीत.

जिल्हा झाला आणि पुढं पावसानं दगा दिला. टँकर यायचा, पण तो वरच्या आळीतल्या विहिरीत रिकामा व्हायचा. विहीर सरकारी, पण आमच्या घागरीला तिथं मज्जाव. आम्ही बाजूला उभं राहायचं, आणि वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर तिनं शेंदून वरून आमच्या घागरीत ओतायचं. माझी लेक तापानं फणफणली होती, आणि मी उन्हात दयेची वाट बघत होते.

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. नव्या जिल्ह्याचे साहेब आले होते. सरपंचांनी जिल्ह्याच्या स्वागताचा ठराव मांडला आणि शेवटच्या पायरीवरून नेहमीचा आवाज आला. या वेळी आमची माणसंही चिडली. माझे सासरे म्हणाले, "अहो, जिल्हा जिल्हा करून तुमीच बोंबलत होता न्हवं?"

"जिल्हा पायजेच," आत्याबाई म्हणाल्या. "पन स्वागताला घसा तरी वला पायजे. आमी विहिरीत घागर कवा सोडायची, ते साहेबांनी सांगावं."

साहेब गोंधळले. विहीर सार्वजनिक आहे, कुणीही पाणी भरू शकतं, म्हणाले. "सामोपचारानं घेऊ," सरपंच घाईघाईनं म्हणाले. तोवर आत्याबाई पदर झटकून उठल्याही होत्या.

सकाळी त्या स्वतःचा दोर घेऊन विहिरीवर निघाल्या. मी मागे. भीत भीतच गेले, खोटं कशाला सांगू? त्यांनी घागर आत सोडली, तशा वरच्या आळीच्या बायका मागे सरल्या आणि पाणी बाटलं म्हणून भरलेल्या घागरी त्यांनी जमिनीवर ओतून दिल्या. तसल्या दुष्काळात! अपमान मी गिळला असता, पण ते मातीत जिरणारं पाणी बघून माझं डोकं फिरलं.

"वतू दे," आत्याबाई म्हणाल्या. "ऊन तापलं की येतील."

दुपारी त्या आल्या. दुसरीकडे पाणी होतंच कुठं? पाटलीणबाई सगळ्यांच्या पुढं. "सरा गं बाजूला," त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी दोर सोडला नाही.

"रांग तिकडून हाय, बाई."

पुढं सुगीला आत्याबाईंना कुणी कामावर बोलावलं नाही. त्या रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या. मला वाईट वाटायचं. त्या म्हणायच्या, "वरून पानी घेताना बी वाकतच व्हते की. हितं वाकायची मजुरी तरी मिळती."

त्या गेल्या तेव्हा वरच्या आळीतून दोनच माणसं मयतीला आली. मला संताप आला होता, अजूनही येतो. पण गावात नळ येईपर्यंत ती सगळी आळी रोज विहिरीवर येत राहिली, आणि आधी आलेल्या आमच्या बायकांच्या मागं उभी राहिली.