आगीत कोण टिकेल

त्या वर्षी मे महिन्यात आमची कंपनी फील्ड फायरिंगसाठी पठारावरच्या एका रेंजवर गेली. मी तेव्हा फौजेत हवालदार होतो. गाव पोलादपूर तालुक्यातलं, उमरठजवळचं. रेंज म्हणजे नजर जाईल तिथवर मांडीएवढं वाळलेलं गवत. सकाळी फायरिंग, दुपारी तंबूत विश्रांती, संध्याकाळी पुन्हा फायरिंग. विश्रांती हा शब्द ज्याने वेळापत्रकात घातला तो माणूस मेमध्ये तंबूत कधी झोपला नसावा. कॅनव्हासला हात टेकला तर चटका बसायचा.

मोबाइल सगळ्यांचे जमा करून घेतलेले. पत्त्यांचा कंटाळा आला तेव्हा अश्फाकने बॅगेतून एक कॉमिक काढलं. अश्फाक आमचा रेडिओ ऑपरेटर, महाड शहरातला. भाच्यासाठी घेतलेलं ते पुस्तक सुट्टी संपताना त्याच्याच बॅगेत राहिलं होतं. त्यात तीन सुपरहिरो ज्वालामुखीत उतरत होते. एक लोखंडी चिलखतातला, एक दगडी अंगाचा, एक तोंडाने बर्फ फुंकणारा. त्यांची छापील नावं कोणी लक्षात ठेवली नाहीत. चिलखतवाला, दगडू आणि बर्फवाला एवढ्यावर काम भागलं. आणि वाद सुरू झाला, की खऱ्या आगीत यांतला कोण टिकेल.

तुम्हाला हा पोरकटपणा वाटेल. असेलही. पण डोकं शिजत असताना जवान "मला सहन होत नाही" असं म्हणत नाही. तो दगडूला सहन होईल का, यावर तासभर भांडतो.

अश्फाक चिलखतवाल्याच्या बाजूने होता. "त्याच्या सूटमध्ये आतून कूलिंग असतं. हजार डिग्रीतसुद्धा काही होणार नाही."

"त्याची पोपटी व्हनार," लान्स नायक बबन शेलार म्हणाला. बबन कुडपणचा, आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे ड्युटी नसली की मला दादा म्हणायचा. "मडक्यात वालाच्या शेंगा घालतोस, तोंड बंद करतोस, भायेरनं जाळ लावतोस. आतली शेंग तुला सांगते का, माजं कूलिंग चालू हाय म्हनून?"

सगळा तंबू हसला. अश्फाकही हसला, पण हटला नाही. महाडचा माणूस वादात सहजासहजी हटत नाही, हे मी आधीपासून जाणून होतो.

बबनने पुस्तक हातात घेऊन एका चित्रावर बोट ठेवलं. "आन् ह्यात वारा कुठनं येतो ता काडलंच नाय. वारा ठावं नसंल तर आगीत कोन टिकल, कसं सांगायचं?"

आमच्या डोंगरात पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. वाफ्यावर टहाळ, पाला, शेण पसरून ते पेटवायचं. आग रानात पळू नये म्हणून त्याआधी भोवतीची पट्टी जाळून घ्यायची. जळलेल्या जागी आगीला खायला काही उरत नाही, म्हणून ती तिथे परत येत नाही. बबन हे लहानपणापासून करत आला होता.

"ह्यो येडा आगीत शिरतोच कशाला?" तो म्हणाला. "पायाखालचं आदी जाळायचं. जळलं की काळ्यावर हुबं ऱ्हायचं. आग बाजूनं निघून जाते."

"आग लागलेली असताना माणसाने आणखी आग लावायची?" अश्फाक म्हणाला. "म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात."

"फुफाट्यात पाय पोळतात. मरत नाय कोन."

ज्येष्ठ म्हणून पंच मीच होतो. मी निकाल दुसऱ्या दिवसावर ढकलला. तेवढीच उद्याची दुपार निघाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनगनचं फायरिंग होतं. रेंजच्या उजव्या टोकाला एका टेकाडावर अश्फाक सेंट्री होता. लाल झेंडा आणि रेडिओ सेट घेऊन एकटा. साडेदहाच्या सुमारास एका ट्रेसर गोळीने, म्हणजे जळत जाणाऱ्या गोळीने, गवत पेटलं. रेंजवर हे होतच असतं. सीजफायर झालं, आमची फायर पार्टी ओली पोती आणि झोडपण्या घेऊन निघाली. तेवढ्यात वारा फिरला आणि आग टेकाडाकडे धावू लागली. अश्फाकपर्यंत एकच जीप ट्रॅक जात होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना जाळ लागला होता.

मी सेट घेतला आणि अश्फाकला त्याच्या रेडिओवरच्या नावाने हाक दिली. "चार्ली टू, परिस्थिती सांग. ओव्हर."

"धूर आहे. ट्रॅक दिसत नाही. ओव्हर."

बबनने माझ्या हातातून सेट घेतला. तशी परवानगी नसते. मी अडवलं नाही.

"अश्फाक, वारा कंच्या गालाला लागतो?"

"डाव्या."

"लायटर हाय ना? उजव्या अंगाचं गवात पेटव."

सेटच्या खरखरीतून अश्फाकचा आवाज आला, "रेंजवर आग लावू? वेडा झालास का?"

"लाव. ते जळत उजवीकडं पळंल. जळलेल्यात जा, पालथा पड, तोंडावर वला रुमाल घे. वाद मागनं घालू."

थोड्या वेळाने टेकाडावर धुराचा दुसरा लोट उठला. मोठी आग तिथवर आली, दोन बाजूंनी फुटली आणि पुढे गेली. आम्ही सेटवर हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

कंपनी कमांडर मेजरसाहेब जीपमधून आले. "अंदर कोई नहीं जाएगा," ते म्हणाले. कारण साधं होतं. त्या गवतात जुने, न फुटलेले बॉम्ब पडलेले असतात. फौजेत त्यांना ब्लाइंड म्हणतात. जमीन तापली की त्यांचा भरवसा नसतो.

बबन सावधान उभा राहिला. "सर, धुरात बेशुद्ध असेल तर वेळ नाही. त्याला तिथे थांबायला मीच सांगितलं. मी जातो."

मेजरसाहेबांनी टेकाडाकडे पाहिलं, मग बबनकडे. "एकच माणूस. ट्रॅक सोडायचा नाही."

बबन धुरात शिरला. तो परत दिसला तेव्हा अश्फाक त्याच्या पाठीवर होता आणि अश्फाकचा हात हलत होता. माझ्या शेजारचा जवान हसायला लागला. त्याच वेळी ट्रॅकच्या डावीकडे, धुमसणाऱ्या गवतात, ब्लाइंड फुटला.

बबनच्या मानेत स्प्लिंटर शिरलं. अश्फाकला खांद्यात लागलं. आम्ही पोचलो तेव्हा बबनचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अँब्युलन्स येण्याआधी तो गेला. मी खूप माणसं जाताना पाहिली, पण त्या दिवशी जे तुटलं ते अजून जुळलेलं नाही.

अश्फाक आता महाडात टेम्पो चालवतो. दर वर्षी त्या दिवशी तो मला घ्यायला येतो आणि आम्ही दोघे कुडपणला जातो. बबनच्या फोटोला हार घालतो, त्याच्या घरी जेवतो. बबनची आई आता नाही. पण त्या घराच्या अंगणात पाय ठेवला की मला ती पहिली खेप आठवते.

पेटी अंगणात ठेवली होती. तिरंगा, बूट वाजवणारे जवान, पोलादपूरपासून लोटलेली माणसं. आई पेटीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. कोणी कितीही सांगितलं तरी जवळ येईना. रडतही नव्हती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. खांदा बांधलेला अश्फाक माझ्या मागे उभा होता.

"आगीत गेला म्हनतात," ती म्हणाली. "लय भाजला का रे माजा?"

तेव्हा मला कळलं, तिला पेटीची भीती का वाटत होती.

"नाय, आये. आगीनं त्याला हातबी नाय लावला."

तिने अश्फाककडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

"मंग उघडा," ती म्हणाली. "तोंड बघू द्या."

मी सोबत आलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी झाकण काढायला लावलं. बबनचा चेहरा जसाच्या तसा होता. आईने कपाळावरून, गालावरून हात फिरवला, मान जराशी वळवली. कानामागे काजळी राहिली होती. हॉस्पिटलच्या माणसांच्या नजरेतून ती सुटली असावी. तिने पदराचं टोक तोंडात ओलं केलं, ती काजळी पुसून काढली, आणि मग ती रडली.