सतरा करंजांसाठी नळदुर्गला

सातच्या एसटीसाठी मी सहालाच तामलवाडीच्या स्टॉपवर जाऊन बसलो होतो. दोन्ही पायांच्या मधे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. झाकण गळतंय का म्हणून दर पाच मिनिटांनी बोट लावून बघत होतो. गळत नव्हतं, तरी बघत होतो. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

हा प्रवास हौसेचा नव्हता, हे आधीच सांगतो. आमच्या बांधावर सतरा करंज आहेत. दत्ता शाळेत जायला लागला त्या साली मी लावलेले. दत्ता म्हणजे माझा मुलगा, आता शेत तोच बघतो. त्याचं म्हणणं, सावलीनं सोयाबीनच्या तीन ओळी मार खातात, ट्रॅक्टरला वळता येत नाही आणि झाडं देतात काय, तर काही नाही. त्यानं करवतवाला ठरवला, सोमवारचा. मी त्याला म्हणालो, करंजाच्या बियांच्या तेलावर विहिरीवरचं डिझेल इंजन चालतं, विकतचं डिझेल लागणार नाही. तो हसला.

"चालवून दाखवा आण्णा. चाललं तर एका झाडाला बी हात लावत न्हाय."

तो थट्टेत बोलला असेल. मी मनावर घेतलं. माझ्याकडं तीन दिवस होते, आणि गोठ्यातल्या पोत्यांमधल्या बिया महिन्यापूर्वी गाळून आणलेलं दहा लिटर तेल. घाणीवाल्यानं तेव्हाच नाक मुरडलं होतं. मी म्हणालो, करंज कडूच असतो बाबा.

तामलवाडीहून आधी तुळजापूर, तिथून नळदुर्ग. तुम्हाला जायचं असेल तर तुळजापूरच्या स्टँडवर नळदुर्गची पाटी शोधत बसू नका, उमरग्याकडं जाणाऱ्या गाडीत बसा. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. मी ते घरून निघताना तीनदा तपासलं आणि ऐन वेळी सापडेना. शेवटी टोपीत निघालं.

कंडक्टर कॅनजवळ येऊन थबकला. "आजोबा, डिझेल हाय का? आसंल तर खाली उतरा. गाडीत चालत न्हाय."

"डिझेल न्हाय. जनावराला लावायचं तेल हाय, करंजाचं."

तो वाकला आणि मागं सरला. "जनावराला लावायचं? वास तर मेल्या जनावराचा येतोय!"

सगळी गाडी हसली. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला तो नळदुर्ग येईपर्यंत काढला नाही. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. मी मात्र कंडक्टरवर चिडून बसलो.

नळदुर्गला लोक किल्ला बघायला येतात. मी हायवेवरच्या एका ढाब्यावर बसून, ज्यांच्याकडं निघालो होतो त्या अप्पांची वाट बघितली. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कांदा. शंभराच्या आत पोट भरतं. टेबलावर न मागता पाण्याची बाटली आणून ठेवतात, ती उघडायची नाही, तांब्या मागायचा. बाहेर ट्रकांची रांग थांबतच नाही. ज्याला सोमवारची काळजी आहे त्यानं किल्ला काय बघायचा?

शिवलिंगअप्पा मोटारसायकलवर आले. हे जुने इंजन मिस्त्री, वयानं माझ्याहून थोडे मोठे. ढाब्यांवर तळून उरलेलं तेल आणून त्याचं घरीच इंजनाचं तेल करतात, विकत डिझेल घेत नाहीत, असं मी बरीच वर्षं ऐकत होतो. गावातून चार किलोमीटरवर त्यांचं शेत. रस्ता इतका खराब की कॅन मांडीवर धरून माझे हात बधिर झाले.

"बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, असं म्हणत त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, घोंगडी सरकवली. त्या माहेरच्या कन्नड. चहा आला, गुळाचा. तो पिऊन होण्याआधीच मी म्हणालो, "अप्पा, आधी तेल बघा."

शेडमध्ये एक कापलेला ड्रम, जुन्या धोतराची गाळणी आणि लाकडी दांडा. तेल गाळायचं, तापवायचं, तडतड थांबली म्हणजे पाणी गेलं. ते निवायला आलं की कॉस्टिक सोडा विरघळवलेलं स्पिरिट त्यात घालून ढवळायचं. खाली काळा गाळ बसतो, वरचं धुऊन इंजनात. ऐकायला सोपं वाटतं. पण ते स्पिरिट साधं नसतं. अप्पा तोंड फिरवून ओततात आणि आसपास बिडीसुद्धा पेटवू देत नाहीत. "वाफ घेऊ नगा," मला म्हणाले, "डोळं जात्यात." मी दारातच उभा राहिलो. घरी करून बघणाऱ्यांनी हे विसरू नये.

शांताक्कांच्या हातांवर मनगटापर्यंत पांढरे डाग होते, सोड्यानं भाजलेले. मी बघतोय हे त्यांना कळलं.

"स्वावलंबन म्हणत्यात ह्याला," त्या म्हणाल्या. "तेल ढाब्याचं, स्पिरिट सोलापूरचं, सोडा दुकानाचा. आपलं काय त्यात? माझं हात तेवढं."

"आन हळद?" अप्पा हसत म्हणाले.

"ती बी विकतचीच."

हळद कशाला, ते मला मग कळलं. तेल चांगलं की नासकं हे अप्पा हळदीवर ओळखतात. काचेच्या छोट्या ग्लासात थोडं स्पिरिट, चिमूटभर हळद आणि गुरांच्या इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून तेल. मग त्यात सोड्याच्या पाण्याचे थेंब सोडायचे. पिवळ्याचं कुंकवासारखं लाल झालं आणि तसंच राहिलं की थांबायचं. जितके थेंब जास्त लागतील तितकं तेल आतून आंबलेलं.

त्यांनी आधी ढाब्याचं तेल घेतलं. चौथ्या थेंबाला लाल झालं. मग माझं. पाच, दहा, पंधरा. लाल होई आणि हलवलं की परत पिवळं. तिसाव्या थेंबानंतर अप्पांनी मोजणं थांबवलं.

"नामदेवराव, बिया कधीच्या?"

"चारेक वर्षांच्या आसतील. दर साली येचून पोत्यात भरायच्या. पोती गोठ्यात व्हती."

"गोठ्यात? गोमूत्राच्या ओलीत?"

"अप्पा, करंज कडू हाय. कडू वस्तूला कीड लागत न्हाय."

"कीड लागत न्हाय," अप्पा म्हणाले, "पर आंबायला कीड कशाला लागती?"

आम्ही धान्यात कडुलिंबाचा पाला घालणारी माणसं. कडू ते टिकाऊ, हे मला कुणी शिकवलं नाही, ते धरूनच चालत आलो. चार वर्षं मी ती पोती कुणाला हलवू दिली नव्हती. दत्तानं एकदा शेतात टाकून देऊ म्हटलं, तर त्याच्यावर ओरडलो होतो.

मी हट्ट धरला की तरीही करून बघा. अप्पांनी पाच लिटरचा घाणा टाकला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ड्रमाचं झाकण काढलं तर आत लापशीसारखा पिवळट गोळा. दांडा उभा राहत होता त्यात.

"साबण झाला," अप्पा म्हणाले. "घ्या, धोतर धुवा."

मी विचारलं, ताज्या बियांचं जमेल का? जमेल म्हणाले. चैत्रात शेंगा उतरवल्या, कडक उन्हात वाळवल्या आणि लगेच गाळल्या तर जमेल. झाडांवर शेंगा होत्या, पण हिरव्या. चैत्राला महिना होता आणि करवतवाल्याला दोन दिवस.

"निदान तुमचं इंजन तरी चालवून दाखवा," मी म्हणालो.

उत्तर शांताक्कांनी दिलं. "दिवाळीपासनं बंद हाय ते. ढाबेवाले आता तेल फुकट सोडत न्हाईत. टँकरवाला रोख देऊन नेतो. ह्यांना कोण इचारतंय?"

इतकी वर्षं ज्या माणसाचं नाव मी दत्तापुढं घेत होतो, त्याच्या विहिरीवर विजेचीच मोटर घरघरत होती. मला राग आला. कशाचा, ते आजही नीट सांगता येत नाही. अप्पा आत गेले आणि एक कॅन घेऊन आले.

"पाच लिटर हाय. शेवटचं. ह्ये घाला इंजनात आन सांगा पोराला, करंजाचं हाय."

"पाव्हण्याला खोटं शिकवू नगा," शांताक्का म्हणाल्या.

"झाड वाचत आसंल तर कसलं खोटं?"

मी कॅन घेतला. रविवारी परतताना दोन्ही गाड्यांत मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तुळजापूरच्या पुढं सारखं वाटत होतं.

घरी पाय धुतले आणि सरळ विहिरीवर गेलो. दत्ता होता, शेजारचा महादूही आला. टाकी पुसून अप्पांचं तेल ओतलं. हँडल दत्तानंच मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजन धकधकायला लागलं आणि पाइपातून पाणी पडलं. दत्ताचं तोंड इतकं खुललेलं मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"चाललं की हो आण्णा!"

दहा मिनिटं तो इंजनाभोवती फिरला, पाण्यात हात घालून आला. मग धुराच्या बाजूला थांबला.

"भजी कोण तळतंय?"

महादूनं नाक वर केलं. "आरं, धुराचाच वास हाय. आण्णांनी करंज तळून आणला का काय!"

अप्पांकडं इंजन चालूच झालं नव्हतं. तळलेल्या तेलाचा धूर भज्यांसारखा येतो, हे मला कुठून कळणार? दत्तानं कॅन उचलून हुंगला. इंजन बंद केलं. महादूला म्हणाला, "जा तू, बोलतो मी मागनं."

मला वाटलं होतं ओरडेल. तो शेजारी येऊन बसला.

"आण्णा, तुमाला झाडं ठेवायची व्हती का?"

"व्हय."

"मग तेलाचं काय?"

"तेलाचं काय न्हाय."

"मग तसं म्हणायचं की. महिनाभर डिझेल, लिटर, खर्च ह्येच ऐकवताय. मला वाटलं, तुमाला डिझेलच वाचवायचंय."

त्याचं खरं होतं. मी एकदाही म्हणालो नव्हतो की मला ती झाडं आवडतात. म्हाताऱ्या माणसानं नुसतं आवडतं म्हणून काही राखून ठेवायचं म्हणजे लाज वाटते. काहीतरी उपयोग दाखवावा लागतो. तो दाखवायला मी नासकं तेल घेऊन दोन गाड्या बदलल्या आणि परत येऊन पोराशी खोटं वागलो.

दत्तानं करवतवाल्याला फोन लावला. बराच वेळ बोलला. "माणसं, ट्रॅक्टर ठरलंय, आता मोडता येत न्हाय म्हणतो. दोन सोडतो म्हणतो. कुठली दोन, ते सांगा."

घरच्या घरी इंजनाचं तेल होतं का, असं कुणी विचारलं तर होतं. बी त्याच मोसमात गाळा, ओलीपासून लांब ठेवा, आधी हळदीवर तपासा, आणि ज्याच्या हातांनी होणार आहे त्याला आधी विचारा. माझं सांगण्यासारखं इतकंच.

सोमवारी सकाळी मी बांधावरून दोनदा फिरलो. पहिल्यापासून सतराव्यापर्यंत, मग उलटा. एकाला ठेव म्हटलं की शेजारच्याला तोड म्हणावं लागत होतं. करवतवाला मशीन हातात घेऊन खोळंबला होता. "आज्या, बोला लवकर," म्हणाला. मी तिसऱ्यांदा पहिल्या झाडाकडं वळलो. शेवटी ओढ्याच्या कडेची, ट्रॅक्टर पोचत नव्हता ती दोन राहिली.